अकरा हजार इशारे आणि एक स्पेस

प्रश्न

सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. नऊ माणसांची कंपनी, चादर-टॉवेलच्या कारखान्यांना बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देते. कोड पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेतला, अकरा वर्षं जुना, सर्व्हर अजून पीएचपी ७.४ वर. त्यातला बराचसा कोड एकाच ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लिहिलेला. त्यांना सगळे 'सर' म्हणतात.

हिने एका दुपारी पीएचपीस्टॅन हे कोड तपासणारं साधन, कडक नियमांच्या जोडपॅकेजसकट, अख्ख्या प्रोजेक्टवर चालवलं. ११,८४२ 'चुका', म्हणजे साधनाचे इशारे, निघाल्या. तिने त्याचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, कुणाच्या फाइलमध्ये किती हेही खाली लिहिलं. तेव्हापासून सर कामापुरतंच बोलतात. मालकांनी एवढंच विचारलं, "गिऱ्हाइकाला दिसतंय का ह्यातलं काही?" मग एका रविवारी तिने घरी बसून तीनशेच्या वर इशारे स्वतःच मिटवले आणि रात्री कोड चढवला. सोमवारी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याची चौदा बिलं शून्य टक्के कराची छापून निघाली. बदल मागे घ्यावा लागला. सर म्हणाले, "चालायलंय की, मग कशाला हात घालायलीस?"

तिचा प्रश्न असा: समोर घाण दिसत असताना गप्प बसायचं, की सरळ पुण्याची गाडी पकडायची? सोबत तिने यादीतल्या पहिल्या दोनशे ओळी जोडल्या आहेत. आणि आपलं सॉफ्टवेअर किती विचित्र आहे हे सांगताना लिहिलं आहे की एका कारखान्यातल्या ऑपरेटर काकू एक्स्पोर्टच्या मालाचा कोड टाकताना आधी एक स्पेस मारतात. का, तर म्हणे "तशीच पद्धत आहे".

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही गंमत म्हणून लिहिली आहे: काकूंची स्पेस. तिच्याकडे यायचंच आहे, पण आधी त्या आकड्याचं बघू, कारण घोळ तिथून सुरू झालाय.

११,८४२ ऐकून कुणाचीही छाती दडपेल. तुमची दडपली आणि तुम्ही तो आकडा तसाच ग्रुपवर टाकलात. तुम्ही जोडलेल्या दोनशे ओळी मी पेन्सिल घेऊन वाचल्या. त्यातल्या ६१ 'लिब' फोल्डरमधल्या आहेत, म्हणजे बिलाची पीडीएफ बनवणाऱ्या जुन्या लायब्ररीतल्या. ती ना सरांनी लिहिली ना तुम्ही. कुणीतरी कधीकाळी उतरवून घेतली आणि तिथे ठेवून दिली. पुढच्या ७४ ओळींत एकच रड आहे: हे व्हेरिएबल (माहिती ठेवायची नाव दिलेली जागा) कदाचित तयारच झालेलं नसेल. कुठलं व्हेरिएबल? डेटाबेसच्या जोडणीचं. तुमच्याकडे प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक फाइल जोडली जाते आणि तिच्यात ते तयार होतं. पण जोडलेल्या फाइलमधून कोणतं व्हेरिएबल आलं याचा माग हे साधन काढत नाही, म्हणून दर पानावर तेच ओरडतं. इशारे चौऱ्याहत्तर, कारण एक. ३८ ओळी दोन बरोबर-चिन्हांच्या तुलनेबद्दल आहेत. उरल्या सत्तावीस. त्यातल्या वीसेक मला किरकोळ वाटल्या. चार-पाच मात्र खऱ्या.

पहिल्या दोनशे ओळींवरून अकरा हजारांचा हिशेब मांडू नये हे कळतं मला. तरीही 'लिब' फोल्डर तपासणीतून वगळा, जोडणीच्या त्या व्हेरिएबलचा बंदोबस्त एका ठिकाणी करा आणि साधन पुन्हा चालवा. आकडा किती उतरतो ते बघून तुमचं तुम्हालाच हसू येईल. आणि मग सरांचा चेहरा आठवून बहुतेक जाईल ते हसू.

तुम्ही पत्रात त्याला सरसकट 'घाण' म्हटलं आहे. या जातीच्या साधनांचं घराणं जिथून सुरू होतं ते साधन म्हणजे लिंट. १९७८ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतल्या कोडसाठी ते लिहिलं. लिंट म्हणजे कापडावरून सुटणारा कापसाचा बारीक तंतू. सोलापूरकराला हे नाव समजावून सांगायला नको. नवा टॉवेल पहिल्या दोन-तीन धुण्यांत तंतू सोडतोच. म्हणून त्याला कुणी खराब माल म्हणत नाही. काठाचा धागा उसवलेला असेल तर मात्र म्हणतात, आणि तो उसवलेला धागा पुष्कळदा त्याच तंतूंच्या गुंत्यात लपलेला असतो. यादी वाचायची ती तेवढा शोधायला. सगळा तंतू वेचत बसायला नाही.

शिवाय साधन काही न्यायाधीश नव्हे. कोणताही प्रोग्राम दिला तरी तो कसा वागेल हे दर वेळी अचूक सांगेल असं साधन बनूच शकत नाही, हे गणिताने केव्हाच सिद्ध केलंय. १९३६ मधलं ट्युरिंग यांचं काम आणि १९५३ मधलं राइस यांचं प्रमेय त्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे कोड न चालवता वाचणाऱ्या प्रत्येक साधनाला तडजोड करावी लागते: काही खऱ्या चुका सोडून द्यायच्या, किंवा काही ठिकाणी उगाच बोंब मारायची. बहुतेक साधनं दोन्ही थोडंथोडं करतात. गूगलमध्ये यासाठी एक व्यवहारी नियम आहे. एखाद्या तपासणीचे इशारे दहा टक्क्यांहून जास्त वेळा प्रोग्रामरना निरुपयोगी वाटू लागले तर दोष तपासणीचा धरतात. ती सुधारतात, नाहीतर बंद करतात. तुम्ही नेमकं उलटं केलंत. साधन म्हणतंय ना, मग दोष माणसांचा.

आता तुमचा रविवार.

पीएचपीत दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली की '५' हा मजकूर आणि ५ हा आकडा सारखेच धरले जातात. तीन चिन्हं लावली की जातही, म्हणजे मजकूर की आकडा, जुळावी लागते. साधन म्हणालं, दोन चिन्हांची तुलना नको. तुम्ही शोधा-आणि-बदला करून सगळीकडे तीन केलीत. त्यात बिलाची ती ओळ आली जी बघते: दर ५ असेल तर हे, १८ असेल तर ते, नाहीतर शून्य. दर येतो कुठून? ऑपरेटरने भरलेल्या फॉर्ममधून. आणि फॉर्ममधून आलेली प्रत्येक गोष्ट मजकूर असते. मजकूर '५' म्हणजे आकडा ५ नव्हे, मजकूर '१८' म्हणजे आकडा १८ नव्हे, चला शून्यावर. चौदा बिलं. साधनाने तुम्हाला अडवलं का नाही? कारण फॉर्ममधून काय येणार हे त्याला माहीतच नव्हतं, आणि जे माहीत नाही त्याबद्दल ते खालच्या पातळ्यांवर गप्प राहतं. इशारा मिटला, साधन खूश झालं आणि बिल चुकलं.

यात तुम्ही एकट्या नाही. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका जबाबदार सांभाळकर्त्याने ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीत असंच केलं होतं. एक साधन तक्रार करत होतं की इथे न भरलेली मेमरी वापरली जातेय. (ते साधन चालता प्रोग्राम बघणारं होतं, तुमचं न चालवता वाचणारं; पण इशारा तो इशाराच.) त्यांनी संबंधित ओळी बंद केल्या. त्याआधी ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंही होतं. तक्रार थांबली. पण त्याबरोबर गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ सगळीच गेली. उरला तो प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६७ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघडकीस आलं, तोवर जगभरच्या सर्व्हरांवर अंदाजाने ओळखता येतील अशा किल्ल्या बसल्या होत्या. तुमची चौदा बिलं एका सकाळीत निस्तरली. चला, एवढं तरी.

म्हणून इशारा मिटवण्याआधी दोन गोष्टी. एक, ती ओळ तशी का लिहिली असेल हे विचारा; कोडला विचारा, नाहीतर माणसाला. दुसरी, कसोटीचं सामान आधी तयार ठेवा. तुमच्याकडे टेस्ट नाहीत असं तुम्ही लिहिलं आहे. नसू देत. मागच्या वर्षातली पन्नास बिलं काढा. वेगवेगळ्या कारखान्यांची, सूट दिलेली, परत आलेल्या मालाची, एक्स्पोर्टची, आणि ज्या बिलावरून कधीतरी भांडण झालं होतं ती आवर्जून. आजच्या कोडने ती पुन्हा बनवा आणि निघालेला निकाल जपून ठेवा. यापुढे कोणताही बदल केला की तीच पन्नास पुन्हा बनवायची आणि पैशापैशाने ताडून पाहायची. ही एका दुपारची छोटी स्क्रिप्ट आहे. त्या रविवारी ती असती तर रात्री साडेनऊलाच शून्य टक्के दिसलं असतं आणि सोमवारी कारखान्याचा फोन आला नसता. बदलही एका वेळी एकाच जातीचे करा, हाताने, एकेक ठिकाण वाचून. आणि रविवारी एकटीने मुळीच नको.

आता काकूंची स्पेस. तुमच्या यादीतली १४३ वी ओळ काढा. तिथे साधन म्हणतंय, अटीत फक्त खरं किंवा खोटं चालतं, इथे आकडा किंवा खोटं येतंय. फाइल स्टॉकची आहे आणि फंक्शन आहे स्ट्रपॉस, एका मजकुरात दुसरा मजकूर कितव्या जागी आहे ते सांगणारं. तुमचा कोड बघतोय की मालाच्या कोडमध्ये 'ईएक्स' ही अक्षरं आहेत का. असतील तर माल एक्स्पोर्टचा. पण मोजणी शून्यापासून होते. 'ईएक्स-२०४' मध्ये ती अक्षरं पहिल्याच जागी आहेत, म्हणून उत्तर येतं शून्य. आणि अटीत शून्य म्हणजे खोटं. सापडलं, पण सुरुवातीलाच सापडलं म्हणून सापडलं नाही असं धरलं!

काकूंनी आधी एक स्पेस मारली की तीच अक्षरं एका घराने पुढे सरकतात, उत्तर येतं एक, आणि सगळं सुरळीत. कधीतरी कुणाचं तरी बोट चुकून स्पेसबारवर पडलं असणार, त्या दिवशी बिल बरोबर आलं असणार, आणि तेव्हापासून ती पद्धत झाली. काकूंनी कोडची एक ओळही न बघता तुमची चूक शोधली आणि तिच्यावर तोडगाही काढला. मला तर हे वाचून त्यांना भेटावंसं वाटलं.

एवढ्यावर भागत नाही. सुरुवातीला स्पेस असलेला 'ईएक्स-२०४' आणि बिनस्पेसचा 'ईएक्स-२०४' डेटाबेसच्या लेखी दोन वेगळे माल आहेत. काकू रजेवर असताना दुसऱ्या कुणी एंट्री केली असेल तर स्टॉकमध्ये एकच टॉवेल दोन नावांनी बसलेला असणार, आणि महिनाअखेरीला कुणीतरी गोदामात उभं राहून गठ्ठे मोजत असणार. हा माझा तर्क आहे. तुम्ही डेटाबेसला विचारणारी एक क्वेरी चालवून खरं-खोटं करून घ्या: स्पेसने सुरू होणारे कोड किती, आणि त्यातले किती बिनस्पेसच्या रूपातही आहेत. तर्क खरा निघाला तर मालकांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात आहे. "गिऱ्हाइकाला दिसतंय का?" हा प्रश्न तुम्हाला टोमणा वाटला. मला तो त्या ग्रुपवरचा सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. दिसतंय. दर महिन्याला दिसतंय. मालकांना ११,८४२ सांगू नका, हा एक टॉवेल दाखवा.

त्यांच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट कामी येईल. पीएचपी ७.४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलंय. कधी ना कधी आठवर जावंच लागणार. आणि २०२० मध्ये आलेल्या ८.० पासून तुलनेचे काही नियम बदलले आहेत: शून्य हा आकडा आणि कुठलासा शब्द यांची दोन चिन्हांनी तुलना केली तर पूर्वी उत्तर 'खरं' यायचं, आता 'खोटं' येतं. तुमच्यासारख्या कोडमध्ये अशा जागा कुठे आहेत ते शोधायला हेच साधन मदतीला येईल. खर्चाला कारण लागतं. 'कोड स्वच्छ करायचाय' हे कारण कोणत्याही मालकाला पटत नाही, आणि पटू नये.

आता उरलेल्या इशाऱ्यांचं काय करायचं ते. वडील टॉवेलच्या कारखान्यात होते, त्यामुळे माझ्या डोक्यात ही गोष्ट मागाच्या भाषेतच बसली आहे. ज्या मागावर सोय असते तिथे प्रत्येक उभ्या धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी टांगलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. कारागीर गाठ मारतो, माग पुन्हा सुरू. ही सोय नसेल तर तुटलेला धागा कळतो तो तपासणीच्या टेबलावर, वारच्या वार माल विणून झाल्यावर. तेव्हा ज्याने विणला तो घरी गेलेला असतो, आणि टेबलावरचा माणूस खडूने खूण करण्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

तुम्ही जे केलंत ते अकरा वर्षांचा माल एकदम टेबलावर पसरणं. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये त्यांच्या इन्फर या साधनाबद्दल असाच अनुभव लिहिला आहे. रात्री सगळा कोड तपासून सकाळी यादी हातात दिली, तर जवळपास कुणीच काही दुरुस्त केलं नाही. त्याच जातीचे इशारे प्रोग्रामर बदल तपासायला देतो त्या क्षणी दाखवले, तर सत्तर टक्क्यांहून जास्त दुरुस्त झाले. साधन तेच होतं. फरक एवढाच की धागा ज्याच्या हातात होता त्याच्यासमोर माग थांबला.

तुमच्या साधनात याची सोय आहे, तिला बेसलाइन म्हणतात. एक आज्ञा दिली की आजचे सगळे इशारे एका फाइलमध्ये नोंदवले जातात आणि त्यांच्याबद्दल साधन गप्प होतं. उद्या कुणी नवा कोड लिहिला आणि त्यात चूक निघाली तर तेवढीच दिसते. जुनी एखादी दुरुस्त केलीत तर साधन स्वतःच आठवण करतं की आता ही नोंद काढून टाका. गिटवर (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी व्यवस्था) बदल चढवला की तपासणी आपोआप चालेल असं लावून द्या. सुरुवात खालच्या पातळीपासून करा; स्पेसची भानगड पकडणारा इशारा त्या पातळीवरही येतो ना, तेवढं आधी बघून घ्या. दहापर्यंत पातळ्या आहेत, कुणी मागे लागलेलं नाही. कडक नियमांचं ते जोडपॅकेज काढू नका, पण त्यातले नियम एकेक बंद-चालू करता येतात. सध्या एकच चालू ठेवा, अटीत खरं-खोटंच हवं म्हणणारा; स्पेसची भानगड त्यानेच पकडली. बाकीचे पुढे बघू. आणि एखादा इशारा जाणूनबुजून दाबायचा असेल तर त्याच्या शेजारी मराठीत एक ओळ लिहा, का दाबला. दोन वर्षांनी ती वाचणाऱ्या तुम्हीच असाल.

बेसलाइनचा एक धोका आहे. तिची माळ्यावरची अडगळ होते. टाकायला सगळे, काढायला कुणी नाही. त्यावर मला माहीत असलेला उपाय साधाच आहे. ज्या फाइलला कामासाठी हात लागेल तिच्यातले दोन-चार जुने इशारे जाताजाता काढायचे. जिला वर्षभर कुणी हात लावला नाही, गिऱ्हाइकाची तक्रारही नाही, ती फाइल राहू दे तशीच.

ज्यांचं काम दुसऱ्या भाषांत चालतं त्यांनाही हेच करता येईल. जावास्क्रिप्टवाल्यांच्या ईएसलिंटमध्येही आता जुने इशारे एका फाइलमध्ये बाजूला ठेवता येतात, सोनारक्यूबचा तर भरच नव्या कोडवर असतो. पायथनमध्ये रफ, जावात स्पॉटबग्ज. नावं बदलतात, क्रम तोच.

एका बाबतीत मात्र थांबू नका. ऑपरेटरने टाकलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेच्या, वाक्यात चिकटवलेला दिसला, तर ती ओळ जुनी की नवी हे न बघता आधी दुरुस्त करा. तुमचं साधन मुळात हे शोधतच नाही, त्यामुळे उद्या यादी शून्यावर आली तरी सॉफ्टवेअर सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही. यासाठी साधा शोध घेऊन, क्वेरी असलेल्या फाइली डोळ्यांनी वाचाव्या लागतील.

सरांबद्दल लिहायचं मी शेवटावर ढकलत होतो, कारण तेच अवघड आहे.

कुणाच्या फाइलमध्ये किती, हे तुम्ही लिहिलंत त्या क्षणी ती कोडची तपासणी राहिली नाही, माणसाची झाली. गिटमध्ये कोणती ओळ कुणी लिहिली हे बघायच्या आज्ञेचं नावच 'ब्लेम' आहे, तेव्हा या धंद्यात ही खोड जुनीच. पण अकरा वर्षांपूर्वी तो कोड लिहिताना सर बहुधा एकटे होते. जीएसटी आला तेव्हा, २०१७ च्या जुलैत, रातोरात बिलं बदलायला कोण बसलं होतं ते विचारा कधी. ज्याने सगळ्यात जास्त लिहिलं त्याच्याच नावावर सगळ्यात जास्त इशारे असणार, यात नवल काय? आणि "चालायलंय की" हे तुम्हाला आळसाचं वाक्य वाटतं. मला त्यात थोडी भीती ऐकू येते: कुठली वीट काढली की कुठली भिंत हलते हे त्यांना माहीत आहे, आणि ते कुठेच लिहून ठेवलेलं नाही. चौदा बिलांच्या बाबतीत ते बरोबर होते. काकूंच्या बाबतीत नाहीत. चालत नव्हतंच, काकू चालवून घेत होत्या.

ग्रुपवर माफीबिफी मागू नका. चहाला जाताना समोर मागा, आणि एका वाक्यात उरका: "सर, नावं टाकायला नको होती, चुकलं माझं." लगेच यादी पुढे करू नका. दोन दिवसांनी त्यांना स्पेसची गोष्ट सांगा, पण उत्तर सांगून टाकू नका. "सर, काकू आधी स्पेस का मारत असतील?" एवढंच विचारा. प्रोग्रामरला असं कोडं टाकलं की तो मान-अपमान विसरतो. तासाभरात ते स्वतःच ती ओळ शोधून काढतील, आणि न शोधली तर १४३ वा क्रमांक तुमच्याकडे आहेच. मग पुढचं सोपं जाईल: कोणते नियम चालू ठेवायचे हे त्यांनी ठरवायचं, बसवायचं काम तुमचं. त्यांनी एखादा चांगला नियम नाकारला तर नाकारू द्या. सहा महिन्यांनी पुन्हा विचारता येतो.

इंडेंटेशन (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) आणि कंसांच्या जागा सगळीकडे एकसारख्या करायची हौस आली, आणि ती येतेच, तर तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदीत, करा. त्यात दुसरं काहीही मिसळू नका. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, असे कमिट 'ब्लेम'मधून वगळायची सोय आहे. नाहीतर सरांच्या अकरा वर्षांच्या ओळींवर एका रात्रीत तुमचं नाव लागेल. तो दुसरा अपमान होईल, आणि 'ही ओळ का लिहिली' हे कुणाला विचारायचं तेही कळेनासं होईल.

आणि पुणे. जायचं असेल तर जा, पगारासाठी जा, नव्या कामासाठी जा. हुतात्मा एक्सप्रेस रोज आहे. पण स्वच्छ कोड मिळेल म्हणून जात असाल तर तिकीट काढण्याआधी तिथे काम करणाऱ्या दोन मैत्रिणींना त्यांच्याकडचे इशारे मोजायला सांगा. समजा त्यांनी साधन चालवलंच, तर त्या आकडा तुम्हाला खाजगीत कळवतील. ग्रुपवर टाकणार नाहीत.

या सोमवारी दोनच कामं करा. पन्नास बिलं काढायला घ्या आणि काकूंना फोन करा. आणखी कुठे कुठे त्या असं काही 'पद्धत म्हणून' करतात ते विचारा आणि लिहून घ्या. आणि १४३ वी ओळ दुरुस्त करताना घाईत 'कोडची सुरुवात ईएक्सने होते का' असं लिहू नका. तसं केलंत तर काकूंनी इतकी वर्षं स्पेस मारून भरलेले सगळे कोड एका झटक्यात एक्स्पोर्टमधून बाहेर पडतील. आधी सुरुवातीची स्पेस कापायची, मग तुलना. दुरुस्ती झाल्यावर काकूंना सांगा की आता स्पेसची गरज नाही. तरी सवयीने बोट जाणारच, तेव्हा त्यांनी स्पेस मारली काय आणि नाही मारली काय, बिल एकच निघतंय हे आधी तपासून घ्या.